सहाशे वीस ग्रॅम

एप्रिल. वागाडुगू. पत्र्यावर हात ठेवला
तर हात पत्र्याचाच होतो.
बँकेच्या मॅनेजरसाहेबांचा एसी माझ्या बाकावर उताणा,
पोटावर कुणा फ्रेंच पोराने चिकटवलेला
अर्धा डायनासोर.
तिकडे म्हातारं झालं की यंत्र इकडे जवान होऊन येतं.

एकतीस वर्षं मी एकच करत आलो :
पान्याचा एक आटा, आणि फुस्स.
ना रंग, ना धूर, ना कुणाची तक्रार.
गल्लीतली पोरं तोंड पुढे करायची, गार लागतं म्हणून.
एकेका साहेबाची खोली निवावी म्हणून
मी आभाळाची किती काहिली केली
ते माझ्या वहीत नाही.
वहीत फक्त फ्रँक आहेत.

मग एदिल्मा आली, कोलंबियाच्या किनाऱ्यावरून.
तिचं फ्रेंच माझ्याहून मोडकं.
गॅस ओढणारं यंत्र जपानचं, काटा जर्मन,
पिवळ्या गळ्याचं सिलिंडर घानाहून उसनं,
आणि पुस्तिकेवर इतक्या देशांचे झेंडे
की मजकूर आत अंग चोरून बसलेला.
तिने बोल लावला नाही. म्हणाली,
"मीही सोडायचे. एकोणीस वर्षं. समुद्राकडे तोंड करून."
चोराला चोर भेटावा तसे आम्ही हसलो,
मग हसू जरा लवकरच संपलं.

मला ते सभागृह आठवलं.
तापत्या जगात गारवा कसा वाटून घ्यायचा, यावर परिषद.
चौदा देशांची माणसं कोटात कुडकुडत होती
आणि मी शिडीवर, त्यांच्या डोक्यांवर.
खालून चिठ्ठी आली : थोडं कमी करा.
कमी काय, थंडी की आकडा?
दुभाष्यालाही सांगता येईना. अर्धा तास त्यात गेला.
एका बाईने टेबलावरचं कापड ओढून पांघरलं.
मग टाळ्या वाजल्या. सही झाली असावी.
हसू नका.
त्या सहीतूनच हा काटा निघाला
आणि सहा वर्षांनी का होईना, माझ्या बाकापर्यंत पोचला.

आज नळी जोडली.
असं करायला चाळीस मिनिटं. फुस्सला एक.
सतराव्या मिनिटाला वीज गेली.

"राओगो, दे सोडून हवेत," मॅनेजरसाहेब म्हणाले,
"कोण बघतंय?"
खरंच कोणी बघत नव्हतं.
एदिल्मा मार्चमध्येच परतली. माझा शिकाऊ तिरीगा
आंब्याच्या कोयीत गुंतलेला.
माझी बोटं पान्यावर होती. त्यांना वाट पाठ आहे.

शेजारी झेनाबोच्या पेटीतला बर्फ
सरबताच्या पिशव्यांखालून पाणी होऊन निघाला.
पलीकडच्या गल्लीतलं ते तान्हं
गेल्या वर्षी याच महिन्यात. पंखा होता.
पंख्याने फुफाटाच फिरवला रात्रभर.

गारवा हवाच. कोण नको म्हणतंय?

मी पाना काढून खिशात घातला.
आम्ही तिघं कडुलिंबाखाली बसलो.
साहेबांनी आधी घड्याळ पाहिलं, मग टाय सोडला,
मग बूट.

दिवेलागणीला वीज आली. यंत्र पुन्हा घरघरलं.
काट्यावर सहाशे वीस ग्रॅम.
एदिल्मा सांगायची, एवढ्या गॅसची धग म्हणजे
इथून आबिजानच्या समुद्रापर्यंत
मोटारीच्या चार-पाच खेपांचा धूर.
पिवळ्या गळ्याच्या सिलिंडरात आता तो समुद्र
गुपचूप बसलाय, हलवला तर जेमतेम हलतो.

वहीत लिहायला घेतलं. कुठल्या रकान्यात, कळेना.
फ्रँकच्याच खाली लिहिलं.
तिरीगा म्हणाला, बेरीज चुकतेय.
चुकतेय खरी, मी म्हटलं, फार आधीपासून.

पानाचा फोटो एदिल्माला पाठवला.
तिच्याकडे भर दुपार. ना शाबासकी, ना फुलाचं चित्र.
उत्तरात नुसता तिचा आजचा आकडा आला :
चारशे पाच.